चुटकीसरशी

बारिया बाईंनी मला बसायला दिली ती खुर्ची
तिसरीतल्या पोरांची होती.
गुडघे थेट छातीशी आले.
कारखान्यातले गमबूट तसेच पायात,
खेकड्यांचा वास मारणारे,
ते कुठे लपवू कळेना.
बाहेर सामुद्रधुनीवरून वारा असा सुटलेला
की खिडकीची काच दात खात होती.

नोव्हेंबर. या महिन्यात पुंता आरेनासला
चौकाचौकांत दोर बांधतात,
माणसं उडून जाऊ नयेत म्हणून.

मी तयारीनं गेलो होतो.
काही फोडलं असेल तर पैसे खिशात होते.
कुणाला मारलं असेल
तर घरी गेल्यावर बघतो त्याच्याकडे, असं म्हणणार होतो.

तसं काही नाही, बाई म्हणाल्या.
अभ्यासात बरा आहे. भागाकार चुकतो,
तो सगळ्यांचाच चुकतो.
पण जेवणाच्या रांगेत दोन्या ओतिलिया वाढतात ना,
त्यांना तो हाक मारत नाही.
हात वर करतो आणि –
बाईंना ते करून दाखवायला जमेना.
बोटं नुसतीच घसरली.
चुटकी? मीच विचारलं.
हो. आता अख्खा वर्ग वाजवतो.

ओतिलियाबाईंची तक्रार नाही.
त्या लगबगीनं येतात, पातेलं पुढे करतात.
तेच, बाई म्हणाल्या, मला बघवत नाही.

मी म्हणालो, हे आम्ही नाही शिकवलं.
घरात शिवी नाही, बाटली नाही.
पोरावर आजवर हात टाकलेला नाही.
बाई काही बोलल्या नाहीत.
फळ्यावर एक आकडा उरला होता, तो पुसला.
मग फडकं झटकलं.

व्हरांड्यात बाल्तासार उभा होता,
भिंतीला पाठ लावून, एक मोजा खाली आलेला.
माझ्या डोक्यात तिडीक गेली.
चल, म्हणून हात वर केला
आणि पाहिलं :
अंगठा मधल्या बोटावर दाबलेला,
वाजायच्या बेतात.

वाजला नाही.
तरी पोरगं निघालं होतं.

माझा बाप मेंढ्यांच्या कुरणावर राखणीला.
दोन कुत्री आणि मी.
चुटकी एकच, ती कुणासाठी आहे
हे आम्ही तिघं त्याच्या हनुवटीवरून ओळखायचो.
मला अभिमान वाटायचा
की बहुतेक वेळा पहिला मीच पोचतो.

रस्त्यानं दोर धरून चाललो.
पुढे मी, मागे तो.
वाऱ्यात बोलता येत नाही ते बरंच होतं.
एकदा वळून पाहिलं,
तर मी जिथे जिथे दोर धरला
नेमका तिथेच तो धरत होता.
गाठ आली की मी हात बदलतो,
तोही बदलत होता.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
आड काठोकाठ भरलेला होता,
फक्त मी कधी वाकून बघितलं नव्हतं.

रात्री पाव टेबलाच्या त्या टोकाला.
हात आपसूक उठला,
मी तो मांडीखाली घातला.
आणि मग कसं मागायचं ते आठवेना.
क्लोरिंदा, म्हणालो.
तिचा डाव सुपातच थांबला.
काय झालं? कोण गेलं?
कुणी नाही. पाव.
तिनं दिला. पण मधूनमधून बघत राहिली,
नोकरी सुटल्याचं मी लपवतोय असं.

उद्या विसरेन. परवाही विसरेन.
चाळीस वर्षांचं वळण आहे,
चुटकीसरशी जायचं नाही.

बाल्तासार सूप पीत होता.
त्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती.
टेबलाखाली होती,
जिथे माझा हात
मुंग्या येईपर्यंत
गप्प बसला होता.